पश्चिमेची भिंत

त्या साली, म्हणजे दोन हजार सहा साली, मे महिना अर्धा सरला तरी स्कॉटलंडच्या कोरासे बेटावरचा वारा काही बसेना. दार उघडलं की हातातून हिसकावून घ्यायचा. वाळत घातलेली चादर कुंपणापलीकडे मेंढीच्या अंगावर जाऊन पडायची, आणि मेंढी ती पांघरून खुशाल चरत राहायची. अलकाने ती चादर दोनदा धुतली आणि तिसऱ्यांदा मेंढीला म्हणाली, "आता तूच ने बाई. तुलाच शोभतेय."

रोज सकाळी ती गमबूट चढवून किनाऱ्यावर जायची. भरतीने टाकलेलं शेवाळ दाताळ्याने ओढून ढकलगाडीत भरायची आणि चढ चढून मोठ्या घरामागच्या बागेत आणायची. वय साठीला टेकलेलं. शेवाळ ओलं, जड, आणि वास असा की दुपारच्या जेवणापर्यंत नाकातून जायचा नाही. अर्ध्या चढावर ती गाडी टेकवायची, कमरेत हात घालून उभी राहायची, नवऱ्याच्या नावाने दोन शब्द बोलायची आणि मग परत ढकलायला लागायची. ते दोन शब्द बोलल्याशिवाय उरलेला चढ चढवत नसे.

नवरा म्हणजे डॉक्टर शशिधर पेंडसे. एडिनबराच्या हॉस्पिटलात उभा जन्म काढला. रिटायर झाल्यावर अलकाला लंडनच्या ईलिंगला जायचं होतं, बहिणीच्या जवळ, जिथे कोपऱ्यावरच्या दुकानात कढीपत्ता मिळतो आणि रस्त्यात कुणीतरी "काय, कशा आहात?" म्हणतं. पण हे गृहस्थ पंधरा दिवस बदली डॉक्टर म्हणून या बेटावर आले आणि इथल्या समुद्राच्या प्रेमात पडले. "अगं, काय शांतता आहे!" असं फोनवर ओरडून सांगत होते, कारण वाऱ्यात ऐकू येत नव्हतं. त्यालाही आता सात वर्षं झाली. ते दुर्बिणीतून पक्षी बघायचे आणि अलका शेवाळ ओढायची.

या बेटावर अलकाचं स्वतःचं असं काही असेल तर ती बाग. बाहेर बटाट्याशिवाय काही टिकत नाही, खारा वारा पानं करपवून टाकतो. पण बागेला चारी बाजूंनी दीड पुरुष उंचीची जाड दगडी भिंत, आणि आत शिरलं की एकदम कान मोकळे झाल्यासारखं वाटायचं. बेटाच्या शेवटच्या मालकीणबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या, माळी कधीच निघून गेला होता. त्यांनी अलकाला फाटक उघडून दिलं आणि म्हणाल्या, "काय करायचं ते कर, माझ्याच्याने होत नाही." तेव्हा आत कमरेएवढं खाजकोलतीसारखं चरचरणारं रान माजलं होतं. पहिल्या उन्हाळ्यात अलकाचे हात कोपरापर्यंत सुजले. आता तिथे वाटाणा होता, लसूण होता, बीट होतं, आणि पश्चिमेच्या भिंतीच्या आडोशाला मेथी आणि कोथिंबीर. सगळ्या गावात तिच्या टोपल्या जायच्या. फेरीबोटवाल्या रॉडरिकची बायको मेथीचं सूप करायची. अलकाने ते एकदा चाखलं आणि पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

मोठं घर म्हणजे बेटाच्या मालकाचं घर. त्याची कथा एफी म्हातारीकडून अलकाने इतक्यांदा ऐकली होती की आता एफी दमली तर पुढचं अलकाच सांगायची. पूर्वी गाव होतं बेटाच्या पूर्वेला, हिरव्या उतारावर. मग मालकाला वाटलं, माणसांपेक्षा मेंढ्या बऱ्या. त्याने घरांची छपरं पेटवून दिली आणि माणसं हाकलली पश्चिमेच्या खडकावर, जिथे कुदळ मारली तर ठिणगी उडते. पाडलेल्या घरांचे दगड वाहून आणले, त्यांचं मोठं घर बांधलं, आणि उरलेल्या दगडांची बागेला भिंत घातली. दगड वाहायला माणसं कोण? ज्यांची घरं तीच. एफीच्या पणजीच्या चुलीचा दगडसुद्धा बागेच्या पश्चिमेच्या भिंतीत आहे, असं एफीची आजी सांगायची.

दोन वर्षांपूर्वी मालकीणबाई वारल्या, वारसांना बेट नकोच होतं, आणि नव्या कायद्याने सगळं बेट गावाच्या नावावर झालं. केवढा सोहळा झाला! म्हातारे रडले, तरुण प्यायले, अलकाने मोठं पातेलंभर शिरा केला. आता या गावाचे मालक गावकरीच.

आणि गावकऱ्यांना कल्पना सुचली. पूर्वेच्या ओसाड गावठाणात एक तरी घर पुन्हा उभं करायचं, जुन्यासारखं, जुन्याच दगडांचं. कल्पना चांगली होती. अलकाने सभेत टाळीसुद्धा वाजवली. टाळी वाजवून हात खाली यायच्या आत रॉडरिक म्हणाला, "दगड बागेच्या पश्चिमेच्या भिंतीतले घेऊ. मूळ गावातलेच आहेत, आणि एफीच्या पणजीचा दगडही सापडेल."

रॉडरिक बेटाची फेरीबोट चालवायचा आणि गावाच्या कमिटीचा अध्यक्षही होता. लाल चेहऱ्याचा, सावकाश बोलणारा माणूस. त्याने टोपी हातात घेतली आणि पेंडशांकडे वळून विचारलं, "डॉक्टर, बाग तुम्ही लोक कसता. तुमची काही हरकत?"

अलकाने टेबलाखालून नवऱ्याच्या मांडीला चिमटा काढला.

शशिधर उठले. हसले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "छे छे! आमची कसली हरकत? आम्ही तर पाहुणे. तुमचे दगड, तुमचं गाव. तुम्ही ठरवाल ते."

आणि बसले. बसताना त्यांनी चेहरा असा केला होता की आता कुणीतरी उठेल आणि म्हणेल, असं कसं डॉक्टर, तुम्ही पाहुणे कुठले, मिसेस पेंडशांनी एवढं रक्त आटवलंय त्या बागेत, भिंत राहू दे. पुण्यात दहा जण उठले असते. इथे रॉडरिक म्हणाला, "थँक यू, डॉक्टर," आणि पुढचा विषय काढला, धक्क्यावरच्या दिव्याचा.

बाहेर पडल्यावर अलका वाऱ्यात भराभर चालत सुटली. शशिधर मागून टोपी धरत आले.

"अगं, सावकाश."

"पाहुणे? सात वर्षं शेवाळ ओढणारी पाहुणी कुठे बघितलीत तुम्ही?"

"अगं, बोलायची पद्धत असते ती. मला वाटलं, ते आग्रह करतील."

"इथे कोण कुणाला आग्रह करतं हो? पहिल्या वर्षी एफीकडे गेलो होतो, आठवतंय? तिने विचारलं, चहा घेणार? तुम्ही म्हणालात, नको, कशाला त्रास. तिने किटली उचलून परत ठेवून दिली! तासभर कोरड्या घशाने बसलो आणि कोरड्या घशाने परत आलो. तरी अक्कल आली नाही?"

"मग तू बोलायचंस. तूही होतीस की तिथे."

आता याला काय म्हणावं! चारचौघांत नवरा एक बोलल्यावर त्याच्या विरुद्ध दुसरं बोलायचं, हे अलकाला तिच्या आईने शिकवलं नव्हतं. एडिनबरात राहून ती गाडी चालवायला शिकली, टॅक्सचे कागद भरायला शिकली, पण हे काही तिला आलं नाही. तिला त्याचाच जास्त राग आला. घरी येऊन तिने कुकर इतक्या जोरात ओट्यावर आदळला की शिट्टी उडून सिंकमध्ये पडली.

मिल्टन कीन्सहून मुलीचा, वरदाचा फोन आला. अलकाने सगळं सांगितलं.

"आई, तू सिंपली बोल ना त्यांना," वरदा म्हणाली. "तुझा भिंत आहे ना तो? से नो. दॅट्स ऑल."

"दॅट्स ऑल म्हणे! बाबांनी भर सभेत हो म्हटलंय."

"सो? बाबा इज बाबा."

तिकडे नातवाने काहीतरी सांडलं आणि फोन ठेवला गेला.

दोन दिवसांनी ती एफीकडे लसणीची पात घेऊन गेली. एफी नव्वदीच्या आतबाहेरची, पाठीत वाकलेली, पण नजर घारीची. चहा घेणार का, असं तिने विचारताच अलका "हो" म्हणाली. तेवढं तिला आता जमायचं.

"बागेचं वाईट वाटतं," एफी म्हणाली. "मला वाटलं होतं, तू सोडणार नाहीस. पण दमली असशील. वय होतं माणसाचं."

"मी कुठे सोडली?"

"सभेत विचारलं की."

"ते तर नुसतं विचारायचं म्हणून विचारलं ना?"

एफीने कप खाली ठेवला. "नुसतं विचारायचं म्हणून? आमच्याकडे जमीन जो कसतो त्याला आधी विचारतात. तो नाही म्हणाला की विषय संपला, पुन्हा काढायचा नाही. मालकाने आम्हाला कधी विचारलं नाही ना, म्हणून आम्ही आपापसात विचारतो. माझ्या बापाने एकदा नाही म्हटलं होतं, तर गावाने रस्ता वळवला. बाहेर बघ, अजून वळलेला आहे."

अलकाने खिडकीतून बघितलं. रस्ता खरोखरच एफीच्या बटाट्याच्या वाफ्याला वळसा घालून गेला होता. सात वर्षं ती त्या वळणावर गाडी ढकलत होती आणि सात वर्षं वळण काढणाऱ्याला शिव्या देत होती.

म्हणजे नुसतं एक नाही म्हणायचं होतं. एक! तो शब्द या माणसाच्या तोंडात होता आणि यांनी तो गिळून वर हसून दाखवलं. अलकाला रडू यायला लागलं, आणि एफीसमोर रडायचं नव्हतं म्हणून ती चहा तसाच टाकून उठली.

"आत्ताच्या आत्ता रॉडरिककडे जा," घरी येऊन तिने फर्मान सोडलं. "सांगा, आमची हरकत आहे. एवढंच म्हणायचं. हवामानाबद्दल बोलायचं नाही, पक्ष्यांबद्दल बोलायचं नाही. हरकत आहे, बस्स."

"बरं बाई, जातो," म्हणत शशिधर कोट घालून गेले.

ते आले ते चांगले दिवेलागणीला, हातात पिशवी घेऊन. पिशवीत दोन मोठे खेकडे, जिवंत. घरात मासे-मटण शिजत नाही हे गावाला ठाऊक होतं, पण रॉडरिकने दिले म्हणून घेतले. नाही कसं म्हणायचं?

"बोललात?"

"अगं, तो पहारींना धार लावत होता. बिचारा इतका एक्साइटेड आहे! म्हणाला, डॉक्टर, तुमचा मोठेपणा गाव विसरणार नाही. मग आता त्याला काय सांगायचं?"

"म्हणजे नाही बोललात."

"विषय काढला होता मी. म्हटलं, वारा फार आहे यंदा."

अलका खुर्चीत बसली. पिशवीत खेकडे खडखड वाजत होते.

"आणि शनिवारी काम आहे," शशिधर हळूच म्हणाले. "प्रत्येक घरातून माणसं जायची. आपल्यातर्फे दोघं येऊ म्हणून सांगितलंय."

"दोघं? कोण दोघं?"

उत्तर द्यायची गरज नव्हती. घरात दोघंच होती.

अलकाने खेकड्यांची पिशवी उचलली, धक्क्यावर गेली आणि ते समुद्रात सोडून दिले. परत येताना ती ठरवत होती की शनिवारी डोकं दुखतंय म्हणायचं. पण सार्वजनिक कामाला ज्या घरची माणसं येत नाहीत त्यांचं नाव इथे वर्षानुवर्षं निघतं, हे तिला माहीत होतं. आणि दुसरं म्हणजे, तिची भिंत दुसऱ्यांनी पाडलेली घरी बसून ऐकायची, हेही तिच्याने होणार नव्हतं.

शनिवारी सगळं गाव बागेत. पहारी, घण, छिन्न्या, ढकलगाड्या, एक ट्रॅक्टर. एफीला ब्लँकेटात गुंडाळून खुर्चीवर बसवलं होतं, दगड ओळखायला. रॉडरिकने टोपी मागे सारली, शिडीवर चढला आणि भिंतीच्या माथ्यावरचा पहिला दगड पहारीने उचकटला. चुना जुना होता, वाळलेल्या भाकरीसारखा तुकडे होऊन पडला. दगड धप्पकन खाली आला, वाफ्याच्या कडेला, बिटाच्या रोपांवर.

"सॉरी, मिसेस पेंडसे!" रॉडरिक वरून ओरडला.

"नो प्रॉब्लेम!" शशिधर खालून ओरडले.

अलका दगड गाडीत भरत होती. वरच्या थरातले दगड दोघांनी धरावे लागायचे. एकेक उचलताना पोटाखाली कळ यायची, गुडघे कुरकुरायचे. हातमोज्यांतून चुना आत गेला आणि बोटांच्या पेरांना चरचरायला लागला. शशिधरांनी चार दगड उचलले, पाचव्याला कंबर धरली आणि मग ते लोकांना पाणी देण्याच्या कामाला लागले. तिथे त्यांचं मन छान रमलं.

दुपारपर्यंत ट्रॅक्टर जाईल एवढं खिंडार पडलं. आणि वारा आत आला. आजवर तो भिंतीवरून जायचा, त्याचा नुसता आवाज यायचा. आता सरळ खिंडारातून आत घुसला. मेथी एकदम आडवी झाली, जणू कुणी वरून हात फिरवला. वाटाण्याच्या काठ्या वाजायला लागल्या. अलकाच्या ओठांवर मीठ लागलं. बागेत, तिच्या बागेत, मीठ! आता दोन दिवसांत पानांच्या कडा काळ्या पडणार, आठवड्यात सगळं करपणार, आणि पुढच्या वर्षी इथे बटाट्याशिवाय काही लावू नये. दगड उचलायला वाकली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी टपकलं आणि ती चुना गेला म्हणून डोळे चोळत राहिली.

तेवढ्यात एफी ओरडली.

रॉडरिकच्या हातात एक लांबट, सपाट दगड होता. आतली बाजू काळीकुट्ट. चुन्याखाली दडलेली काजळी अजून तशीच होती. एफीने मोजा काढून त्यावर हात फिरवला, बोटं काळी झाली. मग ती काळी बोटं तिने कपाळाला लावली आणि घळाघळा रडली. सगळी माणसं टोप्या काढून उभी राहिली.

अलकालाही भरून आलं. चुलीचा दगड म्हणजे काय हे तिला कुणी सांगायला नको होतं. कुणीतरी बाई त्याच्यासमोर बसून फुंकणीने जाळ फुंकत होती, आणि एक दिवस तिला हाकलून दिलं. अलकाने एफीच्या खांद्यावर हात ठेवला. म्हातारीसाठी तिला खरंच वाईट वाटत होतं. आणि मेथीसाठीही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटत होतं आणि त्याने तिची चिडचिड आणखीनच वाढली.

मग जेवणाची सुट्टी झाली. सगळे मोठ्या घराच्या स्वयंपाकघराकडे निघाले. अलका थकून मागे राहिली होती, त्यामुळे तिला सगळी माणसं एकदम दिसली. मोठ्या घरापुढे ऐसपैस दगडी ओटा होता, त्याला रुंद पायऱ्या. त्या पायऱ्यांनी चढलं की समोर मोठं दार, उघडंच. पण एकही माणूस तिकडे वळला नाही. सगळी रांग ओट्याला वळसा घालून, चिखलातून, मागच्या दाराला गेली. दारात एकेकाने बूट काढले. रॉडरिकनेसुद्धा. मालकाच्या घरात शिरताना नोकरमाणसं काढत असतील तसे.

अलका ओट्यापाशी थांबली. दगडांकडे बघत राहिली. तोच करडा रंग, तीच ओबडधोबड घडण.

"रॉडरिक!" तिने हाक मारली. "हा ओटा कुठल्या दगडांचा आहे?"

रॉडरिक एका बुटात परत आला. "तेच दगड. जुन्या गावातले."

"इथे कोण बसतं?"

"मालकीणबाई बसायच्या. चहा घ्यायला."

"आता कोण बसतं?"

"आता?" रॉडरिकने डोकं खाजवलं. "आता कुणी नाही."

"म्हणजे त्याचा कुणाला काडीचा उपयोग नाही."

"तसा नाही."

"मग हे ठेवणार, आणि ज्या बागेतलं सगळं गाव खातं तिची भिंत पाडणार?" अलकाचा आवाज चढला. दारातून डोकी बाहेर यायला लागली. "दोन वर्षं झाली, घर तुमचं आहे. तुमचं! आणि अजून मागच्या दाराने जाता, बूट काढता! कोण बसलंय आत? कुणाची भीती वाटतेय? तिच्या ओट्याला हात लावायची छाती होत नाही आणि माझी मेथी तेवढी सोपी सापडली!"

कुणीतरी चाचरत म्हणालं, "ओट्याचं जिल्ह्याच्या कौन्सिलला विचारावं लागेल."

"भिंतीचं विचारलं होतं?"

शशिधर पाण्याचा जग घेऊन धावत आले.

"नाही, म्हणजे, शी इज जस्ट टायर्ड," ते सगळ्यांना हात करून म्हणाले. "तुम्ही प्लीज कंटिन्यू करा. आमचं काहीही म्हणणं—"

"तुम्ही गप्प बसा हो!"

हे अलका मराठीत म्हणाली, पण सगळ्या बेटाला कळलं. शशिधर जग छातीशी धरून गप्प बसले.

एफीची खुर्ची दोघांनी उचलून आणली होती. म्हातारीने आपली काळी बोटं रॉडरिककडे रोखली. "रॉडरिक, सभेत कुणाला विचारलंस तू?"

"डॉक्टरांना."

"डॉक्टर बाग कसतो?"

रॉडरिकने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी बुटांकडे पाहिलं.

"माझ्या खिडकीतून रस्ता दिसतो," एफी म्हणाली. "सात वर्षं शेवाळाची गाडी ढकलताना मी एकच माणूस बघितलंय, आणि त्याला टक्कल नाही. कसणाऱ्याला तुम्ही विचारलंच नाही. मालक तरी वेगळं काय करायचा?"

हे रॉडरिकला लागलं. त्याचा लाल चेहरा आणखी लाल झाला. तो एका बुटावर सरळ उभा राहिला आणि टोपी काढून म्हणाला, "चुकलं. मिसेस पेंडसे, आता विचारतो. बागेची भिंत काढायला तुमची हरकत आहे का?"

सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. आणि काय सांगावं, इतकं सगळं तोंडाने बोलून झाल्यावरसुद्धा, अलकाच्या घशात "नाही हो, तसं काही नाही" हेच आलं. जिभेवर आलं. दातांपर्यंत आलं. घरी आलेल्या माणसाला, मागणाऱ्याला, रडणाऱ्या म्हातारीला जन्मभर जे म्हटलं तेच. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. मग उघडले.

"आहे," ती म्हणाली.

वारा होता म्हणून तिने पुन्हा मोठ्याने सांगितलं. "माझी हरकत आहे. चुलीचा दगड एफीचा, तो न्या. बाकी भिंत मला हवी आहे."

"ठीक आहे," रॉडरिक म्हणाला.

बस्स. एवढंच. कुणी तोंड वाकडं केलं नाही, कुणी रुसलं नाही, कुणी कारण विचारलं नाही. अलका भांडायला पदर खोचून उभी होती आणि समोर भांडायला कुणीच नव्हतं. सात वर्षांत एवढं सोपं काही या बेटावर घडलं नव्हतं, आणि त्याचाही तिला थोडा रागच आला.

जेवणं राहिली तशीच. रॉडरिकने दुसरा बूट चढवला, पहार घेतली आणि ओट्याच्या सगळ्यात वरच्या पायरीच्या सांध्यात घातली. दगड हलेना. चौघं लागले. एफी खुर्चीतून काठी आपटत ओरडत होती, "अजून! अजून!" शेवटी पायरी सुटली आणि घरंगळत खाली चिखलात गेली, तेव्हा लोकांनी असा ओरडा केला की छपरावरचे पक्षी उठले. घरासाठी दगड ओट्यातले जाणार, आणि भिंतीतून काढलेले भिंतीत परत जाणार, असं तिथल्या तिथे ठरलं.

मेथी काही वाचणार नव्हती. अलकाला ते माहीत होतं. पण खालचा थर आजच बसवला तर लसूण आणि वाटाणा धरून राहिला असता. ती खिंडारात गुडघ्यांवर बसली, रॉडरिकच्या बायकोने चुना कालवून दिला, आणि ट्रॅक्टरमधले दगड गाडीत घालून आणायचं काम शशिधरांना मिळालं. डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा ढकलगाडीचे दांडे धरले. गाडी डावीकडे जायची, ते उजवीकडे. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी दगड उतरवले, कंबर धरली, चष्मा पुसला आणि तिच्याशेजारी रेंगाळत उभे राहिले.

"दमलात का हो?" अलकाने मान वर न करता विचारलं.

"छे छे!" शशिधर म्हणाले. "मी कसला दमतोय!"

आणि थांबले. चेहरा तसाच, आता कुणीतरी म्हणेल, बसा जरा, पुरे झालं.

"बरं," अलका म्हणाली. "मग आणा अजून."